सर्वांच्या मालकीची झाडे आणि शाळा

शेतकऱ्याच्या बांधावर आंब्याची चार झाडे असली, तर त्या चारांना चार नावे असतात. एक शेंदऱ्या, दुसरा खोबऱ्या, तिसरा गोटी, चौथा साखऱ्या. कोणाचे फळ रसाचे, कोणाचे लोणच्याचे, कोणते झाड एक वर्षाआड फळते, हे घरातील लहान मुलासही सांगता येते. त्याच गावाच्या गायरानात, नदीकाठी व रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या झाडांपैकी मात्र एखाद्यासच नाव असते. बाकीची सारी ‘ती झाडे’ होत. बांधावरच्या शेंदऱ्यावर कोणी कुऱ्हाड उचलली तर घरची माणसे धावून जातात. गायरानातील बेहड्यावर उचलली तर येणारे-जाणारे क्षणभर थांबतात आणि पुढे चालू लागतात. झाड सर्वांचे आहे म्हणजे ते आपले नव्हे, असा अर्थ मनाने नकळत करून घेतलेला असतो.

हा अर्थ पालटणे केवळ कायद्याने साधत नाही. ज्याची ओळख नाही त्याविषयी आस्था वाटत नाही, आणि जिथे आस्था नाही तिथे राखण होत नाही. सार्वजनिक जागेतील झाडांची ओळख करून देणे हे म्हणूनच त्यांच्या रक्षणाचे पहिले काम होय, आणि ते करण्यास प्राथमिक शाळेइतकी सोयीची जागा दुसरी नाही. परिसर अभ्यासाच्या तासास त्यासाठी वेगळे साहित्य लागत नाही. ते शाळेच्या दारापासूनच सुरू होते.

सार्वजनिक जमिनीचे प्रकार

गावाभोवतीच्या सर्व झाडांस एकच नियम लागू नाही, हे शिक्षकास प्रथम ठाऊक असले पाहिजे. गायरान, गावठाण, पाझर तलावाची पाळ, रस्त्याच्या दोन्ही कडा ह्या जागा ग्रामपंचायतीच्या, महसूल खात्याच्या किंवा बांधकाम खात्याच्या देखरेखीखाली असतात. देवराई ही गावाने देवाच्या नावाने राखलेली वनाची जागा. तिच्या जमिनीची नोंद कोठे वन खात्याच्या, कोठे महसूल खात्याच्या, तर कोठे देवस्थानाच्या नावे आढळते. परंतु राखण पिढ्यान् पिढ्या गावानेच केलेली असते.

वन खात्याच्या जमिनीतही भेद आहेत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे राखीव वनात ज्या गोष्टीची स्पष्ट परवानगी आहे तेवढीच करता येते. संरक्षित वनात ज्या गोष्टीस मनाई आहे तेवढी सोडून इतर गोष्टी करता येतात. एका वाक्यातील हा फरक चौथीच्या मुलांसही समजतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान ह्यांस अधिक कडक संरक्षण दिले. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत आणि तेथून काही उचलून नेताही येत नाही. ‘उद्यान’ ह्या शब्दामुळे मुलांपुढे फुलांचे वाफे व कारंजी उभी राहतात. म्हणून हे उद्यान म्हणजे बाग नव्हे, तर निसर्गाच्या स्वाधीन केलेले रान आहे, हे आरंभीच सांगावे.

महाराष्ट्रात अशी सहा राष्ट्रीय उद्याने आहेत : चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा, गोंदिया जिल्ह्यात नवेगाव, नागपूर जिल्ह्यात पेंच, अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील गुगामल, मुंबई व ठाणे ह्यांच्या मध्ये संजय गांधी उद्यान आणि सह्याद्रीत चांदोली. नकाशावाचनाच्या तासास ही सहा ठिकाणे मुलांकडून भरून घ्यावी.

वनावर केवळ बंधनेच असतात असेही नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांचे वैयक्तिक व सामूहिक हक्क मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली तेथील ग्रामसभेस स्वतः बांबू विकण्याचा मार्ग मोकळा झाला. सर्वांच्या मालकीचे वन गावाने एकत्र बसून सांभाळावे व त्यातून उपजीविकाही करावी, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

ताडोबाचे वन कसे पाहावे

राष्ट्रीय उद्यानास भेट देणारी बहुतेक माणसे वाघ पाहण्यासाठी जातात. वाघ न दिसल्यास काहीच पाहिले नाही असे म्हणत परततात. वस्तुतः वाघ ज्याच्या आधाराने जगतो ते वन त्यांच्या दोन्ही बाजूंस उभेच असते. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली घोषित झाले व त्याचे क्षेत्र ११६.५५ चौरस कि.मी. आहे. पुढे १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. उद्यानाचे नाव तारू ह्या गोंड पुरुषावरून पडले असे लोक मानतात. वाघाशी झुंजताना तो मरण पावला अशी कथा असून तलावाच्या काठी त्याचे स्थान आहे. ह्या प्रकल्पासाठी काही गावांनी आपली घरे सोडून बाहेर वस्ती केली आहे. वनाचे महत्त्व सांगताना त्या गावांच्या त्यागाचाही उल्लेख मुलांपुढे व्हावा.

ताडोबाचे वन हे शुष्क पानझडीचे वन. थंड देशांत हिवाळ्याच्या थंडीमुळे पाने झडतात; येथे ती पाण्याच्या काटकसरीसाठी झडतात. पानांतून सतत पाणी बाहेर जात असते. पावसाळा सरून जमिनीतील ओल कमी होत गेली की झाड पाने टाकून आपला खर्च थांबविते. फाल्गुन-चैत्रातील उघडे रान पाहून ‘जंगल वाळले’ असे मुले म्हणतात. ते वाळलेले नसून पावसाची वाट पाहत थांबलेले असते, हे त्यांस समजावून द्यावे.

ह्या वनात सागाची झाडे पुष्कळ आहेत. सागाचे पान खरखरीत व हातपंख्याएवढे मोठे असते. कोवळे पान तळहातावर चोळले तर हात लाल होतो. ह्या एका खुणेवरून पहिलीतील मूलही साग ओळखू शकते. सागास फुले भर पावसात येतात. पावसाळा संपताना त्याची पाने जाळीसारखी झालेली दिसतात. एका लहान पतंगाच्या अळ्या पानाचा मऊ भाग खातात व शिरा तेवढ्या ठेवतात. झाड त्याने सहसा मरत नाही. नव्या हंगामात त्यास पुन्हा पालवी फुटते.

सागाच्या जोडीस ऐन असतो. त्याची साल जाड, काळपट व चौकटी-चौकटींत भेगाळलेली, जणू सुसरीची पाठ. रानातील वणवा जमिनीलगत धावतो तेव्हा ही जाड साल खोडाचे रक्षण करते. ऐनाचे पान उलटे करून देठापाशी पाहिल्यास दोन बारीक गाठी दिसतात. पूर्व विदर्भात ऐनावर व अर्जुनावर टसर रेशमाचे किडे पोसले जातात आणि त्यांच्या कोशांवर ढिवर समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका चालत आली आहे. अर्जुन हा ऐनाचाच भाऊ. परंतु तो नदीनाल्यांच्या काठी राहतो आणि त्याची साल गुळगुळीत व पांढुरकी असते. एकाच कुळातील दोन झाडे जागेप्रमाणे किती निराळी होतात, हे शिकविण्यास ही जोडी उत्तम.

उन्हाळ्यात ह्या रानात एखादे निष्पर्ण झाड पांढरेफेक उभे दिसते. ते कांडोळ. चांदण्यात ते फार दुरून दिसते म्हणून कित्येक भागांत त्यास ‘भुत्या’ म्हणतात. त्याचा डिंक औषधी म्हणून विकला जातो. परंतु त्यासाठी खोडास खोल व वारंवार घाव घातल्याने हे झाड अनेक ठिकाणी दुर्मीळ झाले आहे. त्याच्या चांदणीसारख्या लाल फळांवर टोचणारे केस असतात. मुलांस ती हाताळू देऊ नयेत.

मोह तर ह्या प्रदेशातील लोकांचे घरचेच झाड. त्याची मांसल फुले रात्री उमलतात व पहाटे जमिनीवर गळतात. ती वेचण्यासाठी माणसे येतात, तशीच अस्वलेही येतात. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल आहे आणि त्यातून रानात वणवे लागतात. पाचोळा झाडून बाजूस केला किंवा झाडाखाली जुने कापड अंथरले तर तेच काम आगीवाचून होते. हा विषय मुलांच्या द्वारा घरी पोहोचू शकतो. मात्र तो आरोप म्हणून नव्हे, युक्ती म्हणून पोहोचावा.

बांबू हे झाड नसून गवताच्या कुळातील आहे, हे ऐकून मुलांस नवल वाटते. ह्या रानातील बांबू कित्येक दशकांतून एकदा फुलतो, बी धरतो आणि बेटेच्या बेटे वाळून जातात. त्या वेळी वाळलेल्या बेटांस आग लागू न दिल्यास खाली पडलेल्या बियांतून नवे बांबूवन उभे राहते.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी, ती म्हणजे मेलेले झाड. शेतकऱ्यास ते सरपण दिसते. वनात मात्र त्याच्या ढोलीत घुबड राहते, सुतारपक्षी त्यातील किडे वेचतो, घोरपड त्यात लपते आणि वाळवी त्याची माती करून ती वनास परत देते. कोकणात व सह्याद्रीत धनेशाची मादी ढोलीत स्वतःस कोंडून घेऊन अंडी उबविते व नर फटीतून तिला चारा भरवितो. जुनी, ढोलीची झाडे गेली की धनेशासही घर उरत नाही.

वनाचा पाण्याशी असलेला संबंध दाखविण्यास मुंबईचे उदाहरण घ्यावे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात विहार व तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार तलावाचे पाणी १८६० पासून मुंबईस मिळू लागले. एवढ्या मोठ्या नगराच्या कडेस हे रान टिकून राहण्यास तलावांच्या पाणलोटाची राखण हे एक मोठे कारण झाले. झाडाची पाने पावसाचा मारा झेलतात, पाचोळा पाण्याचा वेग मोडतो व मुळे माती धरून ठेवतात. त्यामुळे तलावात गाळ कमी येतो. शाळेच्या आवारात एका उतारावर पाचोळा पसरून व दुसरा उतार उघडा ठेवून दोन्हींवर झारीने पाणी ओतावे. खाली येणाऱ्या पाण्याचा रंग पाहिला की पुढचे स्पष्टीकरण मुले स्वतःच करतील.

गावातील झाडांचा पाठ

ताडोबा फार थोड्या शाळांच्या जवळ आहे. उंबर, वड, पिंपळ, पळस मात्र बहुतेक गावांत असतात. दुर्मीळ पाहुण्यास ‘उंबराचे फूल’ म्हणतात, कारण उंबरास फूल आलेले कोणी पाहत नाही. शिक्षकाने उंबराचे एक कोवळे फळ कापून मुलांपुढे ठेवावे. आत शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली दिसतील. फळाच्या टोकाशी असलेल्या इवल्या छिद्रातून एक लहानसा कीटक आत शिरतो, फुलांवर पराग पोहोचवितो व तेथेच अंडी घालतो. त्याची नवी पिढी पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जाते. त्या कीटकावाचून उंबरास बी धरत नाही व उंबरावाचून कीटकास घर नाही. वड व पिंपळ हेही ह्याच कुळातले आणि त्यांचीही रीत हीच.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. पळसाची फांदी दाखवून ही तीन पाने आहेत की एका पानाचे तीन भाग आहेत, असा प्रश्न करावा. कोंब पानाच्या बगलेत येतो. तीन पत्रकांपैकी एकाच्याही बगलेत तो नसून तिघांच्या सामाईक देठाच्या बगलेत आहे, असे मुलांस आढळेल. म्हणजे ते तीन पत्रकांचे मिळून एकच पान. म्हण खोटी ठरत नाही. पाहण्याची सवय मात्र लागते.

गावास देवराई असल्यास ती सर्वांत मोलाची शाळा समजावी. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व विद्वानांच्या ध्यानी आणून दिले. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले असताना ज्या वेली, जे मोठे वृक्ष व जे झरे देवराईत टिकले, ते गावकऱ्यांनी ‘येथील काडीही न्यायची नाही’ हा नियम पाळल्यामुळे टिकले. देवराईत मुलांस नेताना गावची रीत आधी विचारून घ्यावी व ती पाळावी.

शाळेत करावयाचे काम

प्रत्येक शाळेने एक वृक्षनोंदवही ठेवावी. शाळेच्या परिसरातील सार्वजनिक जागेतील वीस झाडे निवडून प्रत्येकास एक पान द्यावे. त्यात झाडाचे गावातील नाव, जागा, घेर, उंची, आणि दर महिन्यास पालवी, फूल, फळ व पानगळ ह्यांची नोंद असावी. पहिली-दुसरीच्या मुलांनी साल हाताने चाचपावी, पानाचा ठसा घ्यावा. तिसरी-चौथीच्या मुलांनी गावाच्या नकाशात झाडांच्या जागा दाखवाव्या. मोठ्या मुलांनी मोजमाप घ्यावे.

घेर मोजताना जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर दोरी गुंडाळावी; वन खात्यातही हीच रीत आहे. घेर २२० सेंटिमीटर आला तर त्यास ७ ने गुणून २२ ने भागावे. व्यास ७० सेंटिमीटर येतो. उंचीसाठी एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करावी. काठीची सावली ८० सेंटिमीटर व त्याच वेळी झाडाची सावली ९.६ मीटर असेल, तर झाड १२ मीटर उंच आहे. गणिताच्या पुस्तकातील त्रैराशिक असे अंगणात उतरते.

नावे विचारण्याच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. शेळ्या राखणारे, मोळी विकणाऱ्या आईबरोबर रानात जाणारे, मोह वेचणारे मूल वर्गात पुष्कळदा मागे पडलेले असते. रानात मात्र ते शिक्षकापेक्षा अधिक झाडे ओळखते. अशा मुलास नोंदवहीच्या कामात पुढे करावे. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया, कोकणातील कातकरी ह्यांच्या भाषांत झाडांची स्वतःची नावे आहेत. ती पुस्तकातील नावाच्या आधी लिहून घ्यावी. ‘झाडे तोडणारे वाईट’ असे सरसकट वाक्य वर्गात उच्चारले तर ज्या घरची चूल सरपणावर चालते त्या घरच्या मुलाची मान खाली जाते, आणि तो धडा त्याच्यापुरता तेथेच संपतो. वाळके सरपण वेचणे, फांदी छाटणे व झाड मुळातून तोडणे ह्यांतील भेद त्यास विचारून इतर मुलांपुढे मांडावा. तोच उत्तम सांगू शकेल.

सहलीचे नियमही स्पष्ट असावे. गायरानात पडलेले पान, शेंग, बी उचलून आणण्यास हरकत नाही. राष्ट्रीय उद्यानात व अभयारण्यात मात्र डोळ्यांनी पाहावे व वहीत उतरावे, काहीही उचलू नये. तेथे जाण्यापूर्वी वनाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी व मार्गदर्शकाचे म्हणणे पाळावे.

नोंदवही चालू झाली की झाडांस होणारी इजाही मुलांच्या नजरेस येऊ लागते. जाहिरातीच्या पाट्यांसाठी ठोकलेले खिळे, बुंध्याशी पेटविलेला कचरा, मुळांस श्वासास जागा न ठेवता खोडापर्यंत भिडविलेला सिमेंटचा पार, जमिनीस टेकण्यापूर्वीच छाटलेल्या वडाच्या पारंब्या ह्या चार गोष्टी बहुतेक गावांत आढळतात. पारंबी जमिनीत रुजली तरच ती फांदीचा खांब होते, हे समजल्यावर मुले ती छाटणार नाहीत. इतर गोष्टींविषयी मोठ्या मुलांनी शिक्षकाच्या देखरेखीखाली ग्रामपंचायतीस साधे पत्र लिहावे. मोह, साग, ऐन, आंबा, जांभूळ, चिंच ह्यांसारखी झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. वृक्षतोडीचे नियमन करणारा १९६४ चा राज्याचा कायदा त्यासाठी आहे. रस्ता रुंद करताना जुने वड तोडावे लागणार असतील, तर ग्रामसभेत बोलताना ‘पुष्कळ झाडे’ असे न म्हणता त्या झाडांची संख्या, घेर व जागा सांगता येणे हे गावाच्या हिताचे असते. ती माहिती शाळेच्या वहीत तयार असेल.

वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात शाळाशाळांतून रोपे लावली जातात. हे काम चांगलेच आहे. परंतु एका रोपास वडाएवढा विस्तार येण्यास कित्येक पिढ्या लागतात, आणि तो वड गावात आजच उभा असतो. म्हणून येत्या जुलैत रोपे लावून झाल्यावर एक तास उभ्या झाडांसाठी राखून ठेवावा. दोरी, काठी व वही घेऊन वर्ग गायरानात न्यावा आणि पहिल्या पानावर पहिल्या झाडाचे नाव मुलांकडूनच लिहून घ्यावे. पुढील वर्षी नवी मुले वर्गात येतील तेव्हा जुन्या मुलांनी ती वही त्यांच्या हाती द्यावी आणि झाडापाशी नेऊन त्याची ओळख करून द्यावी.